नेवरेकरबाईंचा शिक्का

नेवरेकरबाई मला कधीच आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा लेखांत शेवटी माणूस आतून मऊ निघतो आणि लिहिणारा रुमाल काढतो. बाई आतून मऊ निघाल्या नाहीत. निघाल्या असत्या तर मी त्यांना केव्हाच विसरलो असतो आणि हे लिहायची वेळच आली नसती.

रत्नागिरीत नावाजलेलं मोठं वाचनालय आहे, ते वेगळं. मी म्हणतो ते मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, जांभ्याच्या भिंतींचं आणि कौलांचं छोटं वाचनालय. पुढे वर्तमानपत्रांची खोली, मधे देवघेवीचं टेबल आणि मागे जुन्या पुस्तकांची काळोखी खोली. त्या टेबलामागे बाई अडतीस वर्षं बसल्या. रोज सकाळी नेवऱ्याहून पहिल्या गाडीने यायच्या. हातात बारा महिने छत्री. पावसाळ्यात ती पावसाला लागायची आणि इतर वेळी तिच्या मुठीने वरच्या फळीवरची पुस्तकं खेचायला लागायची. माणसांना बोलवायलाही तीच छत्री. नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही.

त्यांच्या लेखी सभासदांना नावं नव्हतीच. ज्याने जे पुस्तक खराब केलं असेल किंवा उशिरा आणलं असेल, तेच त्याचं नाव. नगरपालिकेतले एक मोठे अधिकारी त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘ते पान मुडपणारे’ होते. पुस्तक परत आलं की बाई ते उघडून एकेक पान चाळायच्या, आणि काही सापडलं की सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, “पान सदतीस, आमटी.” पुढे क्षणभर थांबून म्हणायच्या, “चिंचेची आहे.” समोरची बाई बिचारी पदराने पान पुसायला जायची, आणि मग पुसल्यामुळे डाग कसा पसरतो यावर दुसरं भाषण व्हायचं.

दुपारी एक वाजता त्या टेबलावरच वर्तमानपत्र पसरून डबा उघडायच्या. त्यात भाकरी आणि सुकटीचं कालवण. वास पार वर्तमानपत्रांच्या खोलीपर्यंत. वाचनालयाच्या कार्यकारिणीचे अध्यक्ष शाकाहारी होते आणि त्यांनी एकदा सुचवून पाहिलं की बाईंनी मागच्या पडवीत जेवावं. बाईंनी विचारलं की मी पडवीत असताना टेबलावर तुम्ही बसणार का. अध्यक्षांनी परत तो विषय काढला नाही, पण मनात ठेवला.

माझी आणि त्यांची पहिली गाठ मी नववीत असताना पडली. त्या तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या, पंचविशीच्या आत, पण तोंड तेव्हाही असंच. रामआळीत आमचं चष्म्याचं दुकान. वडिलांनी मला सभासद करून दिलं होतं आणि मला पोलीसकथा हव्या होत्या. बाईंनी मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मागच्या खोलीतून एक जाडजूड पुस्तक आणून आपटलं. त्याचं मुखपृष्ठ तेव्हाच गेलेलं होतं, पहिली चार पानं कसरीने खाल्लेली. शिडाच्या गलबतांवर आयुष्य काढलेल्या एका तांडेलाच्या आठवणी, एवढंच त्यावरून कळत होतं. लिहिणाऱ्याचं नाव कसरीच्या पोटात गेलं होतं.

मी ते दोन दिवसांनी परत नेलं. उघडलंही नव्हतं. बाईंनी शिक्का हातात घेतला आणि विचारलं, “वारा पडला तेव्हा तांडेलानं खलाशांना काय काम दिलं?”

मी म्हटलं, वल्ही मारायला लावली.

बाई रागावल्या की शहरी मराठी सोडून गावच्या बोलीत यायच्या. “वाचायचं नाय तर हात कशाला लावलास?” असं म्हणून त्या थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण खोलीत आमचे गणिताचे मास्तर बसले होते, वडिलांची दोन गिऱ्हाइकं बसली होती, आणि त्या सगळ्यांकडे बघून बाईंनी जाहीर केलं, “हा वाचणाऱ्यातला नाही. याला चित्रांचं काहीतरी द्या.” सगळे हसले. मास्तर जरा जास्तच हसले.

त्यानंतर पस्तीस वर्षं मी अभ्यासाव्यतिरिक्त एकही पुस्तक वाचलं नाही. याला कारण नेवरेकरबाई, असं मी लग्नानंतर बायकोला सांगितलं, पुढे मुलीला सांगितलं, दुकानात गप्पा मारायला येणाऱ्यांना तर कितीदा सांगितलं. आळस हेही एक कारण असेल. पण दोष द्यायला बाई जास्त सोयीच्या होत्या.

मग वडील गेले. त्याच्या दहा वर्षं आधीच मारुती मंदिराकडे चष्म्याची दोन चकचकीत दुकानं झाली होती आणि आमच्या दुकानातली गर्दी ओसरली होती. आमच्याकडे दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात. वडील त्या वेळात झोपायचे, मला झोप येत नाही. घरात पायात पायात येतोस म्हणून बायकोने बाहेर काढलं, तेव्हा मी वाचनालयात जायला लागलो. तिथे पंखा असेल असं वाटलं होतं. पंखा होता, पण बाई तो लावू देत नसत, वर्तमानपत्रं उडतात म्हणून.

पहिल्याच दिवशी सभासदत्वाचा अर्ज पुढे केला. मी तोवर टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस. बाईंनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “नववी ब. तांडेल.” आणि मागे जाऊन तेच पुस्तक घेऊन आल्या. “अर्धवट राहिलंय तुमचं.” तू-चं तुम्ही झालं होतं, बाकी काहीही बदललं नव्हतं.

मी म्हटलं, मला नवी रहस्यकथा हवीय.

“मिळेल की. पण जोड घ्यावी लागेल.”

‘जोड’ हा बाईंनी स्वतः काढलेला नियम होता. वाचनालयाच्या कुठल्याही नियमावलीत तो नव्हता. एक नवं पुस्तक हवं असेल तर मागच्या खोलीतलं एक जुनं न्यायचं. दोन्ही परत आणायची. आणि परत आणताना जुन्यातला एक प्रश्न. उत्तर आलं नाही तर जुनं पुन्हा घरी, आणि तोवर नवं बंद. गावात लोक त्याला ‘शिक्षा’ म्हणत. एक निवृत्त मुख्याध्यापक शेवटचं प्रकरण तळहातावर टिपून आणायचे. बाई मधल्या प्रकरणातलं विचारायच्या. भिशीच्या सात बायका एका दिवशी मिळून सभासदत्व सोडून गेल्या आणि जाताना बाईंना काय काय बोलल्या. त्यांचं बोलून होईपर्यंत बाई पुस्तकाला कव्हर घालत होत्या. स्वतः अध्यक्षांना त्यांनी एकदा परत पाठवलं होतं. आंब्याच्या झाडांवरच्या रोगांविषयीचं एक जुनं पुस्तक त्यांच्याकडे जोड म्हणून गेलं होतं, त्यातला लेखक मधेच पाच पानं सासऱ्याशी भांडतो. भांडण कशावरून, ते अध्यक्षांना सांगता आलं नाही.

वाचनालयाचे शिपाई गोताडमामा लांज्याकडचे. मला एकदा पडवीत विडी ओढताना म्हणाले, “बाईना मानसा नकोत, पुस्तका हवीत. पुस्तका उलट बोलत नायत ना.” मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “मना पन प्रश्न इचारतात वो. मी काय सभासद हाय?”

मी जोड घेतली नाही. तांडेलाचं पुस्तक टेबलावर तसंच ठेवून वर्तमानपत्रांच्या खोलीत जाऊन बसलो आणि तिथेच ठरवलं की ही शिक्षा बंद पाडायची. माझ्या रागाला पस्तीस वर्षांचं व्याज चढलेलं होतं, त्यामुळे उत्साह भरपूर. अर्ज मी लिहिला, दुकानातल्या संगणकावर टंकला, आणि गिऱ्हाइकाला चष्मा लावून बघायला अर्ज वाचायला द्यायचा, दिसतंय का विचारायचं आणि सही घ्यायची, अशा पद्धतीने चाळीसच्या वर सह्या गोळा केल्या. अध्यक्षांनी तो अर्ज दोन्ही हातांनी घेतला. पुढच्याच बैठकीत जोड बंद झाली.

अर्जावर पहिली सही माझी नव्हती. मी मुद्दाम मधे कुठेतरी केली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीत शिरलो तर बाई मान वर न करता म्हणाल्या, “‘वाचकांच्या अभिरुचीची गळचेपी’ हे शब्द मागच्या मंगळवारच्या अग्रलेखातले. निदान स्वतःचं लिहायचंत.” मला एकाच वेळी जिंकल्याचं आणि पकडलं गेल्याचं वाटत होतं.

बाईंनी निर्णय अक्षरशः पाळला. सूचनाफलकावर त्यांच्या सुंदर अक्षरात पाटी लागली: ‘जुनी पुस्तकं यापुढे सक्तीने दिली जाणार नाहीत. मागितल्यास मिळतील.’ कोणी मागितली नाहीत. नव्या पुस्तकांवर धडाधड शिक्के पडायला लागले. बाई शिक्का मारायच्या, पुस्तक पुढे सरकवायच्या, अवाक्षर काढायच्या नाहीत. लोक खूश होते. मला मात्र ती शांतता अंगावर यायची, आणि त्याचाही मला रागच यायचा.

त्याच वर्षी आषाढात आंबा घाटात दरड कोसळली. कोल्हापूरकडून येणारी वर्तमानपत्रांची गाडी दोन दिवस आली नाही. खोलीत तीन दिवसांपूर्वीचे पेपर पडलेले, ते माझे पाठ झाले होते. बाहेर पाऊस असा की दुकानापर्यंत परत जाणं शक्य नव्हतं. मी उठून मागच्या खोलीत गेलो. तांडेल तिथेच होता, खालच्या फळीवर, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारा. नववीतल्या पोराला या बाईने कसलं रद्दड पुस्तक दिलं होतं ते एकदा बघावं, आणि बघून मनातल्या मनात खात्री करून घ्यावी, एवढ्यासाठी मी ते उचललं. शिळ्या पेपरच्या आत धरून खुर्चीवर येऊन बसलो.

चार वाजले कधी ते कळलं नाही. त्या दिवशी दुकान साडेपाचला उघडलं.

चौदाव्या वर्षी ते उघडलं असतं, तरी दोऱ्यांची नावं आणि बंदरांची नावं यांशिवाय मला त्यात काही दिसलं नसतं. आता पन्नाशीला पोचल्यावर तेच पुस्तक उघडलं, तर त्यात एक माणूस होता. कमी बोलणारा, स्वतःबद्दल तर नाहीच. खलाशी मेला तर एक ओळ, मुलगा झाला तर अर्धी. पण वाऱ्याची वाट बघत बसण्याबद्दल त्याने दहा पानं लिहिली होती. गलबत उभं, समुद्र सपाट, किनारा समोर दिसतोय आणि जाता येत नाही. मी रिकाम्या दुकानात दिवसचे दिवस तसाच बसत होतो. माझे वडील शेवटची दहा वर्षं तसेच बसले होते, भिंगं पुसत. त्यांच्याशी मी त्याबद्दल कधी एक शब्द बोललो नाही. ती दहा पानं वाचताना मला वडिलांची फार आठवण आली, आणि हे असलं पुस्तक इतकी वर्षं माझ्यापासून दोनशे पावलांवर होतं याचं वाईट वाटलं.

सरळ माणसाने काय केलं असतं? उठून टेबलाशी गेला असता, शिक्का मारून पुस्तक घरी नेलं असतं. माझ्याच्याने ते झालं नाही. टेबलाशी जाणं म्हणजे बाईंचं ते ‘तांडेल’ ऐकून घेणं, चाळीस सह्या गोळा करणाऱ्याने स्वतःच जोड मागणं, आणि परत करताना तो प्रश्न. मी पुस्तक गुपचूप खालच्या फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी परत काढलं, परत पेपरात धरलं. पुढची तीन वर्षं मी ते असंच वाचत राहिलो. पूर्ण सहा वेळा. दर वेळी पेपरच्या आड, आणि बाईंच्या नाकासमोर. त्यांना पत्ता नाही याची मला मोठी गंमत वाटायची.

मधे एकदा बाई चष्मा करायला माझ्या दुकानात आल्या. का आल्या कोण जाणे, कदाचित स्टँडच्या वाटेवर म्हणून. मी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. “अर्थ नसलेली अक्षरं मी वाचत नाही,” म्हणाल्या आणि पिशवीतून बारीक टायपाचं एक जुनं पुस्तक काढलं. एका सुईणीच्या आठवणी होत्या. त्या पुस्तकावर नंबर काढून चष्मा दिला. चार दिवसांनी परत: ‘ण’चा पाय दिसत नाही. भिंग बदलून दिलं. परत: आता पाय दिसतो, डोकं दिसत नाही. तिसऱ्या वेळी मी चष्मा नुसता पुसला आणि दोन दिवसांनी तोच हातात दिला. बाईंनी घालून पाहिला आणि म्हणाल्या, “हे आधीच करायचंत.” तो किस्सा सांगून मी वर्षभर लोकांना हसवलं.

त्या सुमारास बाई स्वतःच्या कार्डावर आठवड्याला दोन पुस्तकं न्यायला लागल्याचं माझ्या कानावर आलं होतं. सगळी मागच्या खोलीतली. गोताडमामा सांगायचे की बाई गाडीत बसल्या की नेवऱ्यापर्यंत मान वर करत नाहीत. म्हातारपणी वेळ जात नसेल, असं मी म्हटलं. मागची खोली रिकामी करून तिथे स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका करायची, हे कार्यकारिणीच्या मनात होतं. तेही मला माहीत होतं, आणि चांगलं वाटलं होतं. मुलांना जागा हवीच असते. मी दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या नाहीत.

ठराव असा झाला की मागच्या तीन वर्षांत ज्या पुस्तकावर देवघेवीचा शिक्का नाही, ते बाद. रद्दीत. बाद होणाऱ्या पुस्तकांची यादी नियमाप्रमाणे पंधरा दिवस सूचनाफलकावर लागली. नावं नव्हती, नुसते दाखल क्रमांक, ओळीने आकडेच आकडे. मी रोज त्या फलकाशेजारून जात होतो. एकदा उभा राहून पाहिलंही. पुस्तकाला आकडा असतो हे ठाऊक होतं, पण सहा वेळा वाचलेल्या पुस्तकाचा आकडा कोणता ते मी कधी बघितलं नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मागच्या खोलीत गेलो तर फळ्या रिकाम्या. भिंतीला चुना लावणं चाललं होतं. गोताडमामा पडवीत बसले होते.

“परवाच गेली ती,” म्हणाले. “कोल्लापूरचा टेम्पो आला व्हता. मीच बांधली, काथ्यान. हात बगा.” त्यांनी कापलेली बोटं दाखवली. “तितं लगदा करतात म्हनं.”

मी टेबलापाशी गेलो. खोलीत तिघेजण पेपर वाचत होते.

“मागच्या खोलीतलं एक पुस्तक हवं होतं,” मी म्हटलं.

“कोणतं?”

त्यांना माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की माहीत आहे. तरी माझ्या तोंडून वदवून घ्यायचं होतं.

“तांडेलाचं.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “वारा पडला तेव्हा तांडेलानं खलाशांना काय काम दिलं?”

मी बावन्न वर्षांचा माणूस. तिघांनीही पेपर खाली घेतले होते. “गलबतावरच्या सगळ्या दोऱ्यांच्या गाठी सोडून परत बांधायला लावल्या.”

“कशासाठी?”

“हात रिकामे राहिले की माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात, म्हणून.”

“बरोबर,” बाई म्हणाल्या. आणि त्याच आवाजात पुढे, “ते गेलं.”

मी विचारलं की मी वाचतो हे तुम्हाला कधी कळलं. म्हणाल्या, पहिल्याच दिवशी. घाटात दरड पडली होती, पेपर आलेच नव्हते, आणि तुम्ही शिळा पेपर तीन तास तोंडासमोर धरून बसला होतात. मी काय आंधळी आहे? चष्मा तिसऱ्यांदा बदलला नव्हतात, तेही मला माहीत आहे.

मला एकदम संताप आला. माझा आवाज चढला. मग सांगितलं का नाहीत, म्हटलं. बाद होणार हे ठाऊक होतं ना? स्वतःच्या कार्डावर शेकडो पुस्तकं घेतलीत, आंब्याचं घेतलंत, सुईणीचं घेतलंत, ती सगळी समोर कपाटात जिवंत आहेत. हे एक घेतलं असतं तर हात मोडला असता? नाहीतर नुसता शिक्का मारायचा. शिक्का तुमच्या हातात होता.

“न नेलेल्या पुस्तकावर शिक्का? अडतीस वर्षांत खोटा शिक्का मारलेला नाही.” मग बाईंनी शिक्क्याची डबी बंद केली. “आठवड्याला दोन. त्याहून जास्त मला वाचता येत नाहीत. म्हणून ज्यांना कोणीच नाही, ती तेवढी मी नेली. त्याला वाचक होता.”

टेबलावर एक फाईल होती. बाद पुस्तकांच्या शेवटच्या पानावरची तारखांची पट्टी काढून दप्तरात ठेवतात. बाईंनी न शोधता एक पट्टी काढली आणि माझ्यासमोर धरली. वर जुन्या शिक्क्यांची रांग. त्यातला एक नववीतला, माझा, न वाचलेला. त्याखाली जोडीच्या काळातले, बहुतेक तळहातावर उत्तरं लिहून आणणाऱ्यांचे. त्याखाली चौकोन कोरे होते. मी मोजले. अकरा होते. मला सहाच लागले असते, खरं तर एकच पुरला असता.

मी हात पुढे केला. बाईंनी पट्टी फायलीत परत ठेवली.

“दप्तराची आहे,” म्हणाल्या, आणि चष्मा घालून कव्हर घालायला लागल्या.

बाई त्याच महिन्याच्या अखेरीला निवृत्त झाल्या. शाल-नारळ घ्यायला आल्या नाहीत. समारंभात अध्यक्षांनी त्यांच्याबद्दल बरंच चांगलं बोलून घेतलं, त्या नव्हत्या म्हणून ते जमलं. आता टेबलावर एक हसतमुख मुलगी आहे. पंखा लावते. पुस्तक परत केलं की न उघडता शिक्का मारते आणि काका, झालं म्हणते. मी आठवड्याला दोन जुनी नेतो, टेबलावरून, शिक्का मारून. जी वाचली त्यांतली बरीच मला आवडली नाहीत. काही इतकी वाईट आहेत की बाईंनी ती का वाचवली असा प्रश्न पडतो, आणि विचारायला कोणी नाही म्हणून चिडचिड होते.

बाई मला त्यानंतर एकदाच दिसल्या, गेल्या फाल्गुनात, स्टँडवर. गणपतीपुळ्याची गाडी लागलेली होती. खिडकीत बाई, मांडीवर छत्री, हातात पुस्तक. माझ्या पिशवीत सुईणीच्या आठवणी होत्या, आदल्या दिवशी संपवलेल्या. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. पुस्तक काढून शेवटचं पान उघडलं आणि शिक्का दाखवला.

बाईंनी शिक्क्याकडे पाहिलं. बऱ्या आहात का वगैरे मी काहीतरी म्हणत होतो, ते त्यांनी हाताने थांबवलं.

“सुईणीनं स्वतःच्या बाळंतपणाला कोणाला बोलावलं?”

कंडक्टरने घंटी मारली. गाडीने धूर सोडला आणि हलली. मला उत्तर येत होतं. पुस्तकातली ती दोन पानं मी आदल्या दिवशी तीनदा वाचली होती.

“सवतीला,” मी म्हटलं. इंजिनाच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. मी गाडीबरोबर चालायला लागलो आणि ओरडलो, “सवतीला, बाई, सवतीला.” फळवाल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एका पोलिसाने मान वळवली. खिडकीतली मान तोवर पुस्तकात गेली होती.

ऐकलं की नाही, ते कळायला मार्ग नाही. उत्तर बरोबर होतं.